पाच सुतांचा झोल

कुंपणाचे खांब चार. काटेरी तार, साधारण अठरा फूट. पिकअपचा उजव्या बाजूचा आरसा एक. अंडी तीन डझन, त्यातली शाबूत सात. आईचं डावं मनगट एक, मुरगळलेलं, मोडलेलं नाही.

रोलंडने ही यादी पशुखाद्याच्या बिलाच्या रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर लिहिली होती. रविवारी चर्चहून परत आल्यावर, कोबी आणि खिमा भरलेले पाव खाऊन झाल्यावर, त्याने ती टेबलापाशी सगळ्यांना वाचून दाखवली. सगळे म्हणजे चौघं: तो, त्याची आई आल्विना, कोलोराडोहून आलेली त्याची थोरली बहीण कार्लीन आणि कार्लीनची मुलगी ब्रेना.

"अंडी कशाला लिहिलीस?" आल्विनाने विचारलं.

"गुरुवारी जे जे झालं ते सगळं लिहिलंय."

"मग हेही लिही की त्यातल्या चार अंड्यांचा केक तू आत्ता खातोयस. दुसरा तुकडा आहे हा."

ब्रेना हसली. कार्लीनने तिच्याकडे बघितलं आणि ती हसायची थांबली.

"आई, विषय बदलू नकोस," कार्लीन म्हणाली. "चालत्या गाडीचं दार उघडलं. दार धरायला तू बाहेर वाकलीस आणि गाडी खड्ड्यात गेली. तू त्र्याऐंशी वर्षांची आहेस. पट्टा लावला नसतास तर आज आम्ही इथे वेगळ्या कारणासाठी जमलो असतो."

"पट्टा लावला होता की नाही?"

"होता."

"मग?"

"मग दार का नाही लावलंस?"

"लावलं होतं."

हे गुरुवारपासून असंच चाललं होतं. आल्विना म्हणायची, दार लावलं होतं. बाकीचे म्हणायचे, लावलं होतं तर उघडलं कसं? याच्यापुढे कुणालाच जाता येत नव्हतं. आईला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायला रोलंडला आवडत नव्हतं, पण तिला खड्ड्याच्या काठावर पहिल्यांदा पाहिलं होतं ते त्यानेच. मांडीवर खोकं घेऊन ती न फुटलेली अंडी वेगळी काढत बसली होती. 'सात,' असं म्हणाली होती त्याला, नमस्कार-चमत्कार काही नाही. तेव्हापासून फोन वाजला की तो आधी आईचा नंबर आहे का ते बघत होता.

कार्लीनने पर्समधून एक रंगीत घडीपत्रक काढून टेबलावर उलगडलं. स्कॉट्सब्लफ गावात म्हाताऱ्या माणसांसाठीची इमारत, दुसरा मजला, जेवणाची सोय. खोली उद्या दुपारपर्यंत राखून ठेवली होती.

"खिडकी कुठे उघडते?" आल्विनाने विचारलं.

"गाड्या लावायच्या जागेवर."

"म्हणजे माझी काढून घ्यायची आणि दुसऱ्यांच्या बघत बसायचं."

पत्रांची पेटी घरापासून दीड मैल, चर्च आणि दुकान अकरा मैल, रोलंडचं घर आठ मैल. नेब्रास्काच्या या टोकाला गाडी नाही तर घरही नाही, हे काही कुणाला समजावून सांगायला लागत नव्हतं. किल्ली म्हणजेच घर. त्यामुळे किल्लीबद्दल बोलताना सगळे जपून बोलत होते.

"रोली, तुझं काय म्हणणं?" कार्लीनने विचारलं.

"तू म्हणतेस तेच," रोलंड म्हणाला. आईकडे न बघता म्हणाला.

ब्रेना मध्येच उठून बाहेर गेली होती. चोवीस वर्षांची, लिंकनच्या विद्यापीठातून यंत्रांचं शिकून नुकतीच बाहेर पडलेली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात मोजायची पोलादी पट्टी होती.

"मामा, ड्रायव्हरच्या दाराला पाच सूत झोल आहे."

"या घरात सगळाच झोल आहे," कार्लीन म्हणाली. "बस खाली."

"नाही गं, खरंच. दार उघडं ठेवून मागची कड उचलली की पाच सूत वर येते. अर्ध्या इंचाच्या वर. वरच्या बिजागरीतली पिन खुळखुळते. आजी, पिनेभोवती बसतात ते बुश नवे आणलेत मी. आत्ता बदलू का?"

कार्लीनने मान वळवली. "नवे बुश कुठून आणलेस?"

ब्रेनाने आजीकडे पाहिलं. आल्विनाने कॉफीचा कप उचलून तोंडाला लावला.

"परवा आजीने फोन केला होता," ब्रेना म्हणाली. "दोन बिजागऱ्यांच्या पिना आणि बुश, एकोणऐंशी सालच्या पिकअपचे. डिकीत आहेत."

"माझ्या डिकीत? मी दोनशे मैल गाडी चालवत आले, आईची गाडी बंद करायला, आणि डिकीत तिचेच सुटे भाग?"

"पोरगी कामाची आहे," आल्विना म्हणाली. "कुणावर गेलीय कोण जाणे."

*

हिरवी पिकअप शेडच्या सावलीत उभी होती. उजवा आरसा नव्हता, बंपरला तारेचे ओरखडे होते, बाकी तिला फारसं काही झालं नव्हतं. रोलंडने दार उघडलं आणि मागच्या कडेखाली हात घालून ते सवयीने थोडं वर उचललं. 'टक्' असा आवाज झाला. लहानपणापासून ऐकलेला आवाज होता तो. ही गाडी घरात आली तेव्हा रोलंड सातवीत होता, आणि तो गाडी चालवायला शिकेपर्यंत दार उतरलेलं होतं. याचं कारण त्याचे वडील, राइनहोल्ड. वाटेत कुणी शेजारी भेटला की राइनहोल्ड दार उघडायचे, एक पाय खाली टेकवायचे आणि दाराच्या वरच्या कडेवर दोन्ही कोपरं ठेवून अख्ख्या देहाचा भार दारावर टाकून बोलत उभे राहायचे. पाऊसपाणी, बीटाचं पीक, कुणाचं कोण वारलं. तासतासभर. दोनशे वीस पौंडांचा माणूस, आणि रोज कुणी ना कुणी भेटणारच.

दार उतरलं तसं घरात सगळ्यांनी ते उचलून लावायला शिकून घेतलं. उचल आणि ओढ. पाहुण्यांना सांगावं लागायचं. घरच्यांना पायातल्या चपलेसारखं अंगवळणी पडलेलं होतं.

"बाबा असते तर दाराखाली लाकडाचा ओंडका लावला असता आणि खांदा मारून बिजागरीच वाकवली असती," रोलंड म्हणाला.

"आणि 'ठीक केलं' म्हणाले असते," कार्लीन म्हणाली. ती अंगणात यायला तयार नव्हती, पण आली होती. "या घरात 'ठीक केलं' म्हणजे अजून गळून पडलं नाही."

आल्विनाला ब्रेनाने शेडच्या दाराशी खुर्ची आणून दिली होती. ती मनगट पोटाशी धरून बसली होती.

ब्रेनाने काम सुरू करण्याआधी सगळं एकदा तपासून बघायचं ठरवलं. ती आधी बिजागऱ्यांपाशी बसली, मग उलट्या बाजूला, जिथे दार येऊन अडकतं त्या चौकटीपाशी. चौकटीवर बोटाएवढ्या जाडीची एक लोखंडी खुंटी असते आणि दारातला जबडा तिला पकडतो. जबड्याचे दात दोन. पहिल्या दातात खुंटी आली की दार टेकतं, दुसऱ्यात आली की पक्कं बसतं.

"ही खुंटी हलवलीय कुणीतरी," ती म्हणाली.

रोलंडच्या हातातला जॅक तसाच राहिला.

"हे बघा ना. खुंटीखाली चकती असते. चकतीचा जुना ठसा इथे वर आहे, गोल, मूळ हिरवा रंग अजून चकचकीत. आणि खुंटी आता तीन सूत खाली आहे."

"बाबांनी केलं असेल," कार्लीन म्हणाली. "खांदा मारून झाला, मग हे."

"आजोबांना जाऊन सहा वर्षं झाली. इतक्या वर्षांत हा ठसा धुळीने मळला असता, मम्मा. हे याच वर्षीचं आहे."

रोलंडला एप्रिल आठवला. वासरांना डाग द्यायचा दिवस, गोठ्यात शंभर जनावरांचा गोंगाट. आई दर वेळी ते दार उचलते, तिचा खांदा दुखतो, म्हणून दहा मिनिटं काढून त्याने खुंटी सैल केली होती, उतरलेल्या दाराच्या पातळीला आणून पुन्हा घट्ट केली होती. बिजागऱ्यांना हात लावला नव्हता. त्याला वेळ लागला असता. दार एका बोटाने लागायला लागलं होतं. 'आई, दार ठीक केलं गं,' असं तो कुंपणावरून ओरडला होता. तिने हात वर केला होता. पुढे तो ते विसरून गेला होता. अगदी प्रामाणिकपणे विसरला होता.

"मग आता काय?" कार्लीनने विचारलं. "खुंटी खाली तर खाली. दार लागतंय ना?"

"तेच बघते. मामा, लिहून घेशील?"

रोलंडने खिशातून यादीचं पाकीट काढलं. यादीच्या खाली जागा होती.

ब्रेना चालकाच्या जागी बसली. आधी तिने दार नुसतं आत ओढलं, उचलल्याशिवाय. टक-टक. दोन आवाज. पुन्हा उघडून पुन्हा लावलं. दहा वेळा तिने असं केलं आणि दहाही वेळा दोन आवाज आले. रोलंडने दहा रेघा मारल्या.

"आता आजी, तू कशी लावतेस ते सांग."

"कशी म्हणजे? हाताच्या टेकूखाली बोटं घालायची, वर उचलायचं आणि खांद्याने ओढायचं. पन्नास वर्षं झाली की."

"पंचेचाळीस," कार्लीन म्हणाली.

"तू मोज."

ब्रेनाने बोटं घातली, दार उचललं आणि ओढलं. टक. एकच आवाज. बाहेरून बघितलं तर दार बंद होतं. ब्रेनाने आतून तळव्याने ढकललं तर ते उघडलं.

ब्रेना पुन्हा पुन्हा करत राहिली आणि रोलंड लिहीत राहिला. दहापैकी सात वेळा एकच आवाज.

"उचललं की जबडा खुंटीच्या वरच्या टोकाला चाटून जातो," ती खाली उतरत म्हणाली. "पहिला दात पकडतो, दुसरा नाही. मग गाडी वाटेतल्या त्या गुरं अडवायच्या लोखंडी नळ्यांच्या जाळीवरून खडखडत गेली की कधीतरी सुटतं. खुंटी वर असती तर उचलूनच लागलं असतं. दार उचललं नसतं तर खाली असूनही लागलं असतं. दोन्ही एकत्र आलं म्हणून—"

"म्हणजे मी लावलं होतं," आल्विना म्हणाली.

"लावलं होतंस, आजी."

"दुसरा आवाज आला नाही, हे तुला कळलं नाही?" कार्लीनने विचारलं.

आल्विना म्हणाली, "मला आता एकच ऐकू येतो. दोन वर्षं झाली."

"बघ! बघ, रोली, मी म्हणत होते ना, कान! खुंटी कुणीही हलवलेली असू दे, कुणी गॅरेजवाल्याने, कुणी शेजाऱ्याने—"

रोलंडच्या लक्षात आलं की एवढ्यावर थांबता येईल. कार्लीनने वाट काढून दिली होती, कुणीतरी गॅरेजवाला. खोली उद्या दुपारपर्यंत राखलेली होती. आई सुखरूप राहील, दुसऱ्या मजल्यावर, आणि फोन वाजला की आधी तिचा नंबर आहे का ते बघावं लागणार नाही. त्याला जे हवं होतं ते फक्त गप्प राहून मिळणार होतं.

"मी हलवली," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये. तिला उचलावं लागू नये म्हणून."

कार्लीन त्याच्याकडे बघतच राहिली. "तू? आणि तीन दिवस तूच यादी वाचतोयस? मला फोन करून तूच म्हणालास, आईला आता भान राहत नाही म्हणून!"

"मला आठवलंच नाही, कार्लीन. आत्ता आठवलं."

"मग भान कुणाला राहत नाही?"

"त्याच्या अंगावर जाऊ नकोस," आल्विना म्हणाली. ती खुर्चीतून उठली होती. "रोली, तू त्या दिवशी काय ओरडलास?"

"दार ठीक केलं, असं."

"आणि मी काय समजावं? या घरात ठीक केलं म्हणजे काय, ते तुझ्या बहिणीने आत्ताच सांगितलं. मला वाटलं, तेल घातलं असशील. उचलू नकोस, एवढं एक वाक्य बोलायचं होतंस, गाढवा. कुंपणापलीकडून नाही, इथे येऊन."

"हो, आई."

"माझ्यासाठीच केलंस, ते कळतंय मला."

तिने एवढंच म्हटलं आणि ती पुन्हा खाली बसली. रोलंडने जॅक उचलला.

*

काम दोन तासांचं होतं. दाराखाली जॅक, त्यावर फळी, फळीवर पोतं. दाराचा भार जॅकवर आला की आधी वरची पिन, मग खालची. दोन्ही एकदम काढल्या तर दार हातात येतं. वरची पिन खालून ठोकून काढली तेव्हा ती मध्ये पेन्सिलीएवढी बारीक झालेली निघाली. जुना पितळी बुश एका बाजूने पूर्ण खाल्लेला, चंद्रकोरीसारखा. आल्विनाने तो हातात घेऊन फिरवून पाहिला.

"हा राइनहोल्ड," ती म्हणाली. "गप्पांनी खाल्लाय."

"आजोबा बोलायचे तरी काय एवढं?" ब्रेनाने विचारलं.

"मलाही कधी कळलं नाही. घरी आले की गप्प."

कार्लीन हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. मग तिने बाह्या सरसावल्या आणि न सांगता दाराची मागची कड धरून उभी राहिली, कारण नवी पिन बसवताना दार सूतभरही हलून चालणार नव्हतं. रोलंड वंगण लावत होता, ब्रेना ठोकत होती.

"डावीकडे, मम्मा. नाही, तुझ्या डावीकडे."

"माझी डावी हीच आहे."

"मग आजीच्या डावीकडे."

दोन्ही बिजागऱ्या झाल्यावर रोलंडने खुंटी सैल केली आणि जुन्या गोल ठशावर आणून बसवली. चकती ठशावर बरोब्बर बसली. त्याने ती स्वतः घट्ट केली, दोनदा.

"एक सांगते," हात पुसत कार्लीन म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता. "बिजागरी नवी झाली. आई त्र्याऐंशीचीच आहे. आणि तिला दुसरा आवाज ऐकू येत नाही, हे खरं आहे."

"खरं आहे," रोलंड म्हणाला. "आणि यादी मी लिहिली होती तीही खरी आहे. पण तिने दार लावलं होतं हेही खरं आहे. मी तुझ्या बाजूने बोललो ते दारामुळे. आता ते कारण उरलं नाही."

"म्हणजे आता तू तिकडे."

"मी कुठेच नाही. मला भीती वाटते, एवढंच. तुलाही वाटते. पण नुसती भीती खोलीसाठी कारण होत नाही."

कार्लीनने आईकडे पाहिलं. आईने काही मागितलं नाही. ती नुसती बसून होती, आणि तेच कार्लीनला जड गेलं असावं.

"ठीक आहे," कार्लीन म्हणाली. "पत्रांच्या पेटीपर्यंत जायचं आणि परत यायचं. जाळीवरून. मी शेजारी बसणार. मी घाबरून एकदा जरी समोरचा आधाराचा दांडा धरला तर किल्ली माझी."

"तू तर विमानातही धरतेस," आल्विना म्हणाली.

"विमान तू चालवत नाहीस."

आल्विना गाडीत चढली. उजव्या हाताने तिने दाराच्या टेकूखाली बोटं घातली आणि सवयीने वर उचललं. दार उचललंच गेलं नाही. तिने थांबून दाराकडे पाहिलं, मग नुसतं ओढलं, आणि ब्रेनाने बाहेरून ओरडून सांगितलं, "दोन!" कार्लीन दुसऱ्या बाजूने बसली. तिचे हात मांडीखाली दाबलेले होते.

गाडी अंगणातून बाहेर पडली, वळली, आणि धुळीचा पट्टा मागे ठेवून टेकाडाआड गेली. रोलंड आणि ब्रेना दोघंही ऐकत उभे राहिले. जाळीवरचा खडखडाट आला, थांबला. बराच वेळ काहीच नाही. रोलंडने घड्याळ पाहिलं, मग न पाहिल्यासारखं केलं.

"मामा, तू बोलला नसतास तरी मी शोधून काढलं असतं," ब्रेना म्हणाली.

"माहितेय."

"नाही, म्हणजे, बोललास ते बरं झालं."

पुन्हा खडखडाट. हिरवा रंग टेकाडावर दिसला.

गाडी शेडपाशी थांबली. कार्लीन आधी उतरली. तिच्या हातात दोन पत्रं आणि चर्चची पत्रिका होती.

"दांडा धरलास?" रोलंडने विचारलं.

"एकदा." ती जरा थांबली. "वळणावर हरणं होती, तीन. मी धरला तेव्हा आईने ब्रेक लावून झाला होता. माझ्या आधी दिसली तिला."

"मग किल्ली?"

कार्लीनने खिशातून फोन काढला. ती अंगणाच्या कडेला जाऊन फोनवर बोलायला लागली, आणि वारा तिच्या बाजूने होता म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. हो, दुसऱ्या मजल्यावरची. नाही, नको आता. दुसऱ्या कुणाला द्या. नाही, कळवेन, वसंतात बघू. परत आल्यावर तिने बोटं मोजत आईला सांगितलं: सूर्य मावळल्यावर गाडी नाही, बर्फात नाही, आणि पुढच्या आठवड्यात कानांचा डॉक्टर, मी स्वतः येऊन नेणार.

"कानांचं मान्य," आल्विना म्हणाली. "बर्फाचं बर्फ पडल्यावर बोलू."

"आई."

"बरं. बर्फाचंही मान्य."

ती खाली उतरली आणि घराकडे चालू लागली, कॉफी ठेवायला. किल्ली तिने एप्रनच्या खिशात टाकली. दार तिने उघडंच ठेवलं होतं, कारण ब्रेना पोलादी पट्टी घेऊन बाजूला उभी होती. रोलंडने पाकीट उलटं धरलं आणि यादीच्या, रेघांच्या खाली जिथे कोरी जागा उरली होती तिथे पेन टेकवलं. ब्रेनाने मागची कड दोन्ही हातांनी जोर लावून उचलली, पट्टी लावली, डोळा जवळ नेला.

"किती?" रोलंडने विचारलं.

"तीन मैल खडखडून आल्यावर," ती म्हणाली, "पाव सूत."